नाव नसलेली देवी: टायबेरियसच्या देनारियसचं प्रकरण

चांदीची एक चकती: रोमन सम्राट टायबेरियसचा देनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं. वजन चार ग्रॅमला किंचित कमी, आकार आजच्या रुपयाच्या नाण्याहून जरासा लहान. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा पुरुषाचा चेहरा, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. काठाने अक्षरं फिरतात: ‘टायबेरियस सीझर, देव झालेल्या ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस’. पहिला ऑगस्टस म्हणजे टायबेरियसच्या आधीचा, रोमचा पहिला सम्राट; शेवटचा ‘ऑगस्टस’ ही पदवी. नाणं उलटलं की खुर्चीवर बसलेली एक स्त्री दिसते. तिचंही तोंड उजवीकडे आहे, एका हातात लांब राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. तिच्या दोन बाजूंना मिळून दोनच शब्द आहेत, ‘पॉन्टिफ मॅक्सिम’, म्हणजे प्रधान पुरोहित. ही पदवी दर्शनी बाजूवरच्या सम्राटाची. त्या स्त्रीबद्दल नाण्यावर एक अक्षरही नाही.

रोमन चांदीच्या नाण्यांमध्ये देवदेवतांची कमतरता कधीच नव्हती. इसवी सनपूर्व २११ च्या सुमारास देनारियस सुरू झाला, तेव्हापासूनच त्याच्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि घोड्यावरचे जुळे देव कॅस्टर आणि पॉलक्स होते. पुढे दोन घोड्यांच्या रथातली विजयदेवता आली, ज्युपिटर आला, अपोलो आला. नाणी पाडणारे तरुण अधिकारी आपापल्या घराण्याची दैवतं नाण्यावर आणू लागले. ज्युलियस घराणं स्वतःला व्हीनसचं वंशज म्हणवत असे, त्यामुळे त्यांच्या नाण्यांवर व्हीनस पुन्हा पुन्हा दिसते. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने स्वतःचा चेहरा एका बाजूला आणि व्हीनस दुसऱ्या बाजूला आणली. रोमच्या टांकसाळीच्या नाण्यांवर जिवंत माणसाचा चेहरा येण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याचा खून झाला.

एवढ्या बोलक्या परंपरेत टायबेरियसचा देनारियस गप्प आहे. इसवी सन १४ ते ३७ अशी तेवीस वर्षं त्याने राज्य केलं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सोडली, तर पुढची वीसेक वर्षं रोमन साम्राज्याच्या चांदीवर हीच एक बसलेली स्त्री छापली जात होती. सोन्याच्या नाण्यावरही तीच. ती कोण, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. माझ्या मते तिला नाव नसणं हा विसरभोळेपणा नाही. त्या काळच्या सत्तेला जे हवं होतं, ते बरोबर तेच होतं.

तीन उमेदवार

लिलावांच्या यादीत तिला बहुतेक वेळा ‘लिव्हिया, शांतीच्या रूपात’ असं लिहिलेलं असतं. लिव्हिया म्हणजे ऑगस्टसची पत्नी आणि टायबेरियसची आई. शांतीची देवी म्हणजे पाक्स. काही जण तिसरं नाव घेतात, न्यायाची देवी युस्टिटिया.

न्यायदेवीची बाजू आधी पाहू, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. ही बसलेली स्त्री टायबेरियसने शोधलेली नाही. ऑगस्टसच्या अखेरच्या काळात, इसवी सन १३-१४ च्या सुमारास, त्याच्या देनारियसवर ती पहिल्यांदा येते, याच ‘पॉन्टिफ मॅक्सिम’ या शब्दांसह. आणि इसवी सन १३ च्या जानेवारीतच रोममध्ये युस्टिटिया ऑगस्टाच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली होती, हे एका कोरीव रोमन पंचांगावरून कळतं. तारखा अशा लागोपाठ आल्या की विचार करावाच लागतो. अडचण एवढीच की न्यायदेवीच्या हातात डहाळी का, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही.

पाक्सची बाजू त्या डहाळीवर उभी आहे. डहाळी ऑलिव्हची मानली तर ती शांतीची खूण. पण ऑगस्टसनेच इसवी सनपूर्व २८ मध्ये रोमच्या आशिया प्रांतातल्या (आजचं पश्चिम तुर्कस्तान) मोठ्या चांदीच्या नाण्यावर पाक्स आणली होती, आणि तिथे ती वेगळी दिसते. उभी आहे, हातात सर्पदंड आहे, आणि शेजारी ‘पाक्स’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्याला शांतीची देवी दाखवायची होती, त्याला ती नावासकट दाखवता येत होती. मग इथे नाव का गाळलं?

आता लिव्हिया. रोममधल्या शांतीच्या प्रसिद्ध वेदीचं, आरा पाचिसचं, लोकार्पण इसवी सनपूर्व ९ मध्ये ३० जानेवारीला झालं. ३० जानेवारी हा लिव्हियाचा वाढदिवस. ऑगस्टसच्या दरबारात असे योगायोग आपोआप घडत नसत. म्हणजे शांतीची देवी आणि लिव्हिया यांची सांगड हे नाणं येण्याच्या वीसेक वर्षं आधीच घातली गेली होती. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टस वारला. मृत्युपत्रात त्याने पत्नीला ज्युलियस घराण्यात दत्तक घेतलं, ती ‘ज्युलिया ऑगस्टा’ झाली, आणि देव झालेल्या नवऱ्याची पुरोहितही झाली. राजदंड घेऊन बसलेली, वयाने आणि मानाने मोठी स्त्री पाहिल्यावर सामान्य रोमन माणसाला कोणाची आठवण होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मात्र लिव्हियाचे समर्थक ज्याकडे पुरेसं लक्ष देत नाहीत, ते टायबेरियसचं वागणं आहे. सिनेटने लिव्हियाला ‘राष्ट्रमाता’ अशा धर्तीच्या पदव्या द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने त्या नाकारल्या. स्त्रियांच्या सन्मानाला मर्यादा हवी, अशी त्याची भूमिका इतिहासकार टॅसिटस सांगतो. इसवी सन २५ मध्ये स्पेनमधल्या लोकांनी सम्राट आणि त्याची आई यांच्यासाठी मंदिर बांधायची परवानगी मागितली. टायबेरियसने नकार दिला आणि सिनेटसमोर सांगितलं की मी मर्त्य माणूस आहे. दोन वर्षं आधी आशियातल्या शहरांना मात्र त्याने स्वतःच्या, आईच्या आणि सिनेटच्या मंदिराची परवानगी दिली होती, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली होती. इसवी सन २९ मध्ये लिव्हिया ८६ व्या वर्षी वारली. तो अंत्यविधीला गेला नाही. भाषण केलं ते तिच्या पणतूने, पुढे कॅलिग्युला म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलाने. सिनेटने तिला देवत्व देऊ नये, हेही टायबेरियसनेच बजावलं.

असा माणूस साम्राज्यभर फिरणाऱ्या चांदीवर आईला देवी म्हणून नावासकट बसवेल, हे शक्य नाही. पण तिचं स्मरण करून देणारं, ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेलं चित्र काढून टाकेल का? तेही अवघड. काढलं असतं, तर काढण्याचाच अर्थ लोकांनी लावला असता. म्हणून चित्र राहिलं आणि नाव कधीच आलं नाही. लिव्हिया वारल्यावरही पुढची आठ वर्षं नाण्यात काडीचाही बदल झाला नाही. ती अधिकृतपणे लिव्हिया असती, तर आईच्या देवत्वाला नकार देणारा मुलगा तिला सिंहासनावर बसवून नाणी पाडत राहिला, असं म्हणावं लागेल. ती केवळ पाक्स असती, तर दोन-चार अक्षरं कोरायला जागा भरपूर होती.

तांब्यापितळेच्या नाण्यांशी ताडून पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. इसवी सन २२ मध्ये लिव्हिया गंभीर आजारी पडली. त्या सुमाराच्या पितळी नाण्यांवर ‘पिएटास’, ‘युस्टिटिया’, ‘सालुस ऑगस्टा’ अशी नावं असलेले स्त्रियांचे चेहरे येतात. एका मोठ्या नाण्यावर खेचरं जुंपलेला मानाचा रथ आहे, आणि सिनेट व जनतेने ज्युलिया ऑगस्टासाठी, असं सरळ लिहिलेलं आहे. प्रांतांतले लोक तर याहून पुढे गेले. स्पेनमधल्या रोमुला, म्हणजे आजच्या सेव्हिलच्या नाण्यावर तिला ‘जगाची जननी’ म्हटलेलं आहे. पुढे इसवी सन ४२ मध्ये तिचा नातू क्लॉडियस याने तिला रीतसर देवत्व दिलं, आणि लगेच पितळी नाण्यावर ‘दिवा ऑगस्टा’ अशा नावासह ती बसलेली दिसू लागली. तिच्या हातात तिथे धान्याची कणसं आणि मशाल आहे. म्हणजे नाव लिहायची पद्धत होती, जागा होती, कारागीर होते. गप्प राहिलं ते फक्त सोनं आणि चांदी, जे थेट सम्राटाच्या नावाने सैनिकांच्या हाती पगार म्हणून पडत होतं.

गोठलेला ठसा

ही नाणी पाडली गेली लुग्दुनुममध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या आजच्या लिऑं शहरात. तिथे सम्राटाचं सोनं-चांदीचं नाणं पडतं, असं भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, आणि टांकसाळीच्या रक्षणाला नेमलेल्या तुकडीचा उल्लेख तिथल्या एका शिलालेखात मिळतो. ऱ्हाईनवरच्या छावण्यांना पगार पोचवायला ही जागा सोयीची होती.

टायबेरियसच्या पहिल्या काही वर्षांत देनारियसचा आणखी एक प्रकार होता. त्यात सम्राट चार घोड्यांच्या रथात उभा आहे आणि खाली त्याच्या अधिकारपदाचं वर्ष आहे, सोळावं, सतरावं (हे पद त्याच्याकडे सम्राट होण्याआधीपासून होतं). असं नाणं दरवर्षी शिळं होतं, कारण आकडा बदलला की नवा साचा कोरावा लागतो. ‘पॉन्टिफ मॅक्सिम’ ही पदवी मात्र एकदा मिळाली की मरेपर्यंत तशीच राहते. टायबेरियसला ती मार्च १५ मध्ये मिळाली. नाव नसलेली देवी आणि वर्ष नसलेली पदवी एकत्र आल्यावर साचा बदलायला कारणच उरलं नाही.

कारण उरलं नाही म्हणून साचे तंतोतंत एकसारखे आहेत असं नाही, आणि इथे जवळून पाहणाऱ्याला भरपूर काही मिळतं. लोखंडी साचे घणाच्या घावांनी झिजतात, तडकतात. नवे कोरावेच लागतात. प्रत्येक कारागिराची खुर्ची थोडी वेगळी. काही नाण्यांवर खुर्चीचे पाय साधे, सरळ. काहींवर मणी ओवल्यासारखे नक्षीदार. कुठे खुर्चीखाली एक रेघ, कुठे दोन. कधी पावलं छोट्या पाटावर ठेवलेली, कधी तशीच. राजदंडाच्या जागी काही वेळा उलटा धरलेला भाला दिसतो. नाण्यावर साल नसल्यामुळे फ्रेंच नाणेतज्ज्ञ झिआर यांनी अशाच बारकाव्यांवरून या एका प्रकाराचे सहा गट पाडून त्यांचा क्रम लावला. चेहराही बदलत जातो. नाणी हातात घेऊन पाहायची संधी मिळाली, तर आधी खुर्चीचे पाय बघावेत. देवी कोण हे त्यावरून कळणार नाही, पण ती घडवणारी माणसं वेगवेगळी होती हे कळतं.

नाण्यावरची सम्राटाची प्रतिमा किती पवित्र मानली जात असे, याची एक खूण रोमन चरित्रकार सुएटोनियस देतो. ऑगस्टसची प्रतिमा असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचकूपात अथवा वेश्यागृहात जाणं, हा टायबेरियसच्या काळात देहान्त शिक्षेपर्यंत जाऊ शकणारा गुन्हा ठरला होता. शुभवर्तमानातल्या प्रसिद्ध प्रसंगात कर द्यावा की नाही असं विचारल्यावर येशू देनारियस मागवून ‘हे चित्र आणि हा लेख कोणाचा?’ असं विचारतो. तो देनारियस म्हणजे हेच नाणं, अशी परंपरेने समजूत आहे. तसं सिद्ध करता येत नाही. पण याच नाण्यावर सम्राट स्वतःला देवाचा पुत्र म्हणवतो हे लक्षात घेतलं, तर त्या प्रश्नाची धार कळते.

देवी भारतात येते

इसवी सन २२ मध्ये टायबेरियसने सिनेटला एक पत्र लिहिलं. चैनीवर कायदा करावा का, हा विषय होता. बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या आणि शत्रू लोकांकडे जातो, अशी तक्रार त्यात आहे. तो पैसा नेमका कुठे जात होता, हे पुढे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने सांगितलं: भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक देनारियस. या आकड्यावर किती विसंबावं यावर वाद आहे, ओघाच्या दिशेवर मात्र नाही.

पुरावा जमिनीतूनच येतो. कोइमतूरच्या परिसरात, कृष्णेच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणातल्या अक्कनपल्ले इथे रोमन चांदीची मोठी निधानं, म्हणजे पुरून ठेवलेले साठे, सापडली. त्यांत दोन प्रकारांची नाणी बाकी सगळ्यांना मागे टाकतात. एक, ऑगस्टसचं, ज्याच्या मागे त्याचे दत्तक मुलगे गायस आणि लुसियस ढाली-भाले घेऊन उभे आहेत. दुसरं, टायबेरियसचं, ही बसलेली देवी असलेलं. रोमन चांदीचे इतके प्रकार असताना हे दोनच का?

उत्तर जर्मनीकडून मिळतं. टॅसिटस लिहितो की सरहद्दीपलीकडचे जर्मन लोक जुनं आणि ओळखीचं नाणंच घेतात, दातेरी काठाचं किंवा दोन घोड्यांच्या रथाचं. अनोळखी चित्र दिसलं की परका माणूस साशंक होतो. आपला सराफ यापेक्षा वेगळा वागला असेल असं मला वाटत नाही. डोळ्यांना सवय झालेला ठसा आणि त्यामागची जवळजवळ शुद्ध चांदी, हे समीकरण एकदा बसलं की व्यापारी तेच नाणं निवडून जहाजावर चढवणार. प्लिनीने सांगितलेली एक गोष्ट इथे चपखल बसते. वादळात वाहत सिंहलद्वीपाला लागलेल्या एका रोमन माणसाकडचे देनारियस पाहून तिथला राजा चकित झाला, कारण चेहरे वेगवेगळ्या सम्राटांचे असूनही सगळ्या नाण्यांचं वजन सारखं होतं. रोमन लोकांचा प्रामाणिकपणा राजाला देवदेवतांवरून कळला नाही, तो तराजूवरून कळला.

तरीही आपल्याकडच्या लोकांनी नाणी डोळे झाकून घेतली नाहीत. भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर छिन्नीचे घाव आणि लहान ठशांच्या खुणा दिसतात. काही घाव आतून तांबं तर नाही ना, हे पाहण्यासाठी असावेत. मुलामा दिलेली खोटी नाणी रोमन काळातही होतीच. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ सोन्याच्या नाण्यांतल्या बहुतेकांवर मात्र सम्राटाच्या चेहऱ्यावरून आडवा घाव आहे. तो कस पाहण्यासाठी नसून ‘हे नाणं आता चलनातून बाद, यापुढे फक्त धातू’ हे सांगण्यासाठी असावा, असं अनेकांना वाटतं आणि मलाही पटतं. दक्षिणेत देनारियसच्या स्थानिक नकलाही झाल्या. त्यांत अक्षरांची नुसती वेलबुट्टी उरते, देवी मात्र बसलेलीच राहते.

इसवी सन ६४ च्या सुमारास नीरोने देनारियसचं वजन कमी केलं. पूर्वी एका रोमन रतलातून ८४ नाणी पाडत, ती आता ९६ पाडू लागले, आणि चांदीत तांबंही मिसळलं. त्यानंतरची चांदी भारतातल्या निधानांत फारच थोडी आहे. व्यापार थांबला नव्हता, सोनं येत राहिलं. ठसा बदलला म्हणून इथला व्यापारी दूर गेला, की कस उतरला म्हणून? माझं मत कसाकडे झुकतं, पण जुना ठसा हीच कसाची हमी बनलेली असताना दोन्ही कारणं वेगळी काढणं कठीण आहे. जुने चांगले देनारियस नीरोनंतरही निवडून इकडे पाठवले जात होते, असंही काही अभ्यासक मानतात.

महाराष्ट्रात ही नाणी कुठे गेली?

‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत सोन्याची आणि चांदीची रोमन नाणी आहेत. स्थानिक नाण्यांशी अदलाबदल करताना त्यांच्यावर नफा मिळतो, असंही त्यात लिहिलं आहे. त्याच पुस्तकात कल्याण आहे, भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवरचं पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवरचं तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. म्हणजे ही चांदी आपल्या घाटांतून वर येत होती. मग कोइमतूरसारखी मोठी निधानं इकडे का मिळत नाहीत?

अनेक अभ्यासकांचं उत्तर असं की ती वितळली. पश्चिम भारतात क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप नहपान स्वतःची चांदीची नाणी पाडत होता, आणि आपल्याकडे चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. नाशिकच्या लेण्यांत त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे. सत्तर हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी), पस्तीसाला एक, असा हिशेब त्यात कोरलेला आहे. इतकी चांदी फिरवणाऱ्या राज्याला परकी चांदी मुशीत घालायची गरज असणारच. दक्षिणेत चांदीचं स्वतःचं चलन त्या मानाने तोकडं होतं, म्हणून तिथे देनारियस देनारियस म्हणूनच साठवला गेला. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण नहपानाचं नाणंच त्याला दुजोरा देतं. दर्शनी बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, काठाने ग्रीक अक्षरं. मागे मात्र कोणी बसलेली देवी नाही. तिथे बाण आणि वज्र आहे, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. काठाच्या अक्षरांसह राजमुख ही जुनी ग्रीक-भारतीय रीत ठेवली, रोमन देवीची जागा इथल्या खुणांनी घेतली.

तेर, तेलंगणातलं कोंडापूर अशा सातवाहनकालीन गावांत रोमन नाण्यांच्या भाजलेल्या मातीच्या प्रतिकृती मिळतात. काहींना दोरा ओवायला भोक किंवा कडी आहे, म्हणजे त्या गळ्यात घालायच्या. कोंडापूरच्या नगांत टायबेरियसचा चेहरा ओळखता येतो. धातूचा भाव शून्य, तरी चित्र हवंसं वाटलं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मी पाहिलेला नाही.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे, एका बाजूला तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेला क्रॉस. वितळवण्याच्या मताप्रमाणे पाहिलं, तर त्यांतली काही चांदी आधी टायबेरियसची असणार. किती, हे ठरवायचं तर या नाण्यांतल्या शिशाची आणि सोन्याच्या अंशाची लुग्दुनुमच्या देनारियसशी पद्धतशीर तुलना करावी लागेल. स्पेनसारख्या खाणींच्या चांदीत शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या शिशाच्या अणूंचं, प्रमाण ठराविक असतं, आणि वेगवेगळी चांदी एकत्र वितळवली गेली असली तरी या तुलनेतून काही धागा हाती लागू शकतो.